बावीसची हजेरी

एक मुकादम होता. त्याच्या टोळीत 22 माणसं होती, त्यांत निम्म्या बाया. लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चाकूरच्या पुढे आणि शिरूर ताजबंदच्या अलीकडे, त्यांना खड्डे बुजवायचं आणि साइडपट्ट्या भरायचं काम मिळालं होतं.

मार्गशीर्ष महिना होता. माळेगावच्या खंडोबाची यात्रा तोंडावर आली होती. यात्रेच्या बाजारात विकायची जनावरं घेऊन ट्रक चालले होते, जीपगाड्या भरभरून जात होत्या. त्यात उसाचा हंगाम. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या रात्रभर कारखान्याची वाट चालत. काम यात्रेआधी उरकायचं होतं, म्हणून ठेकेदाराने दिवसाला रात्र जोडली.

ठेकेदाराने मुकादमाला बोलावलं. म्हणाला, "रात्रीचं काम आहे. सगळ्यांना रेडियमची जाकिटं घे. हे 2,600 रुपये. जाकिटं घातलेल्या टोळीचा फोटो पाठव, मला वर दाखवावा लागतो. पैसे उरले तर तुझे."

मुकादम माणूस वाईट नव्हता. रोज दोनदा हजेरी घ्यायचा. नुसती नावं वाचून टिक मारत नसे. बोट पुढे करून एकेक माणूस मोजायचा, 22 भरले की मगच वही मिटायचा.

तो लातूरला गेला. गंजगोलाईत, जिथे चहूकडून सोळा रस्ते येऊन मिळतात, तिथल्या एका गल्लीत दोऱ्या, घमेली, हातमोजे आणि जाकिटं विकणारं दुकान होतं. दुकानदार म्हातारा होता. त्याने तीन जाकिटं काढून गल्ल्यावर ठेवली. एक 60 रुपयांचं, एक 150 चं, एक 450 चं.

मुकादमाने 60 चं उचललं आणि दारात उन्हात धरलं. पोपटी-पिवळा रंग डोळ्यांत भरला. पुढे-मागे बोटभर रुंदीच्या चंदेरी पट्ट्या होत्या, त्याही झळकल्या. मग 450 चं धरलं. तेही तसंच झळकलं.

"शेठ, फरक काय मग?" मुकादमाने विचारलं.

"कामाला कधी लागणार?"

"रात्री."

"मग रात्रीचं बघून घ्या," म्हातारा म्हणाला. पण दुकानात गिऱ्हाइकं उभी होती, मुकादमाला परतीची एसटी गाठायची होती, आणि बाहेर लख्ख ऊन होतं. त्याने 22 जाकिटं बांधून घेतली. 1,320 रुपये झाले. 1,280 उरले.

येळवशीचा सण जवळ आला होता. लातूरकडे येळवशीला गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. त्या दिवशी बायकोने नवं लुगडं नेसून शेतात यावं, लेकीच्या अंगात नवा फ्रॉक असावा, असं मुकादमाच्या मनात होतं. त्याने एका दुकानाबाहेर थांबून फ्रॉक बघूनही ठेवला. पैसे खिशात वेगळे घडी करून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी जाकिटं घालून ओळीत उभी राहिली, फोटो निघाला. फोटोत 22 च्या 22 माणसं पिवळीधमक दिसत होती. ठेकेदाराचं उत्तर आलं, "एक नंबर."

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मुकादम काही कामाने अहमदपूरला गेला आणि त्याला परतायला रात्र झाली. एसटी निघून गेली होती. अर्धापूरची केळी भरून लातूरच्या बाजारात जाणारा एक टेम्पो त्याने थांबवला. टेम्पोवाला रोजचा त्याच रस्त्याचा होता. मुकादम त्याच्या शेजारी बसला.

"मामा," मुकादम म्हणाला, "पुढं माझी टोळी आहे. नवी जाकिटं घेतलीत सगळ्यांना. आता बघा कशी चमकतात."

टेम्पोवाल्याने मान हलवली आणि समोर बघत राहिला. मुकादमही बघत राहिला. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. त्याचे दिवे डोळ्यांवर पडले आणि रस्ता, कडा, बाभळी, सगळं एकदम नाहीसं झालं. ट्रॅक्टर निघून गेला. पुढे अंधार होता. अंधारात कुठेतरी पत्र्यासारखं काहीतरी लकाकलं.

टेम्पोवाल्याने पाय दाबला. मागची केळी सरकली, टेम्पो कचकन थांबला. लकाकलं होतं ते घमेलं होतं. घमेल्यामागे हात होते, हातांमागे एका पोराचं घाबरलेलं तोंड. त्याच्या अंगात जाकीट होतं, पण दिव्याच्या उजेडात ते धुळकट, राखाडी दिसत होतं. पट्ट्या तर दिसतच नव्हत्या.

कुणाला काही झालं नाही. पोरगं बाजूला झालं.

मुकादम काचेतून बघत होता. सवयीने त्याने बोट पुढे केलं आणि मोजायला सुरुवात केली. नऊ भरले. पुन्हा मोजले. नऊच. बाकीचे तिथेच कुठेतरी होते. फावड्याचे आवाज येत होते, बायांचं बोलणं ऐकू येत होतं.

"मामा, तुम्हाला ही माणसं कधी दिसली?"

"दिसली कुठं? घमेलं दिसलं," टेम्पोवाला म्हणाला. "हे बगा मुकादम, साठच्या स्पीडला गाडी असली तर मला पन्नास-साठ पावलांवरनं दिसून उपयोग न्हाई. दिसायला वेळ लागतो, कळायला लागतो, पाय दाबायला लागतो, आन भरल्या गाडीला थांबायला लई लागतो. लांबून दिसाय पाहिजे."

त्याचा अंदाज बरोबर होता. ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढे जाते. "अरे, कुणीतरी आहे" असं म्हणेपर्यंत दोन सेकंद गेले, तर 30 मीटरहून जास्त रस्ता मागे पडलेला असतो आणि ब्रेक अजून लागायचाच असतो.

मुकादम टेम्पोतून उतरला. त्याने काम बंद करायला सांगितलं. टोळीला वाटलं, आज लवकर सुटी झाली. त्या रात्री मुकादमाला झोप आली नाही.

सकाळी तो पुन्हा गंजगोलाईत त्याच दुकानात गेला. गाठोडं गल्ल्यावर ठेवलं आणि म्हणाला, "शेठ, ही परत घ्या."

म्हाताऱ्याने एक जाकीट उलगडलं. त्यावर माती होती, घामाचे डाग होते, एका ठिकाणी डांबर लागलं होतं. "घातलेलं कसं परत घेऊ?" तो म्हणाला. मग मुकादमाचं तोंड बघून त्याने पोऱ्याला शटर अर्धं ओढायला सांगितलं आणि त्याला आतल्या काळोख्या कोठीत नेलं. समोरच्या खिळ्यांवर 60 चं, 150 चं आणि 450 चं अशी तिन्ही जाकिटं टांगली. मुकादमाच्या हातात बॅटरी दिली.

"कमरेजवळ धरून लावा."

मुकादमाने लावली. तिन्ही जाकिटं अंधुक दिसली.

"आता कानशिलाजवळ धरा. डोळ्याच्या बाजूला."

मुकादमाने बॅटरी वर उचलली. 150 च्या आणि 450 च्या पट्ट्या एकदम पेटल्या, पांढऱ्याशुभ्र. 60 चं जाकीट होतं तसंच राहिलं.

म्हातारा खिळ्यापाशी गेला. "या पट्टीत काचेचे मणी आहेत. एवढे बारीक की नुसत्या डोळ्याला कळायचे नाहीत. उजेड जिकडून आला तिकडेच ते माघारी धाडतात. म्हणून दिव्याच्या जवळ ज्याचा डोळा त्यालाच ती दिसते. गाडीत दिव्यांच्या वर डायव्हरच बसलेला असतो. तुमच्या पट्टीवर नुसता चंदेरी मुलामा आहे, मिठाईवरच्या वर्खासारखा. उन्हात छान दिसतो."

"आणि हा रंग? दिवसा किती लांबून दिसतो!"

"तो रंग उन्हाचाच आहे. उन्हात आपल्या डोळ्याला न दिसणारा उजेड असतो, तोही हा रंग ओढून घेतो आणि दिसेल असा करून परत देतो. म्हणून दिवसा आणि दिवेलागणीला तो उठून दिसतो. गाडीच्या दिव्यात तसला उजेड फारसा नसतो. रात्री पट्टीचं काम, दिवसा रंगाचं. दोन्ही लागतं."

मुकादमाने 450 चं जाकीट हातात घेतलं. आतल्या चिठ्ठीवर आयएसओ 20471 असा आकडा होता. पट्टी दोन इंच रुंद होती, अंगाभोवती पूर्ण फिरवलेली, आणि खांद्यांवरूनही घेतलेली. 150 च्या जाकिटावर पट्टी तशीच होती, पण फक्त पोटाभोवती.

त्याने मनात हिशोब केला. 22 जाकिटं 450 ने घ्यायची तर 9,900. 150 ने 3,300. खिशात 1,280.

तो बराच वेळ गप्प उभा राहिला. मग म्हणाला, "शेठ, नुसती पट्टी मिळती का?"

म्हातारा हसला. फळीवरून त्याने एक गुंडाळी काढली. 50 मीटरची, दोन इंची. "12 रुपये मीटर. पण सांगून ठेवतो, घरी शिवलेल्या जाकिटाला कुठला शिक्का नसणार. जिथे शिक्क्याचंच जाकीट मागतात तिथे हे चालायचं नाही. आणि पट्टी घ्यायच्या आधी बॅटरी लावून बघा. मी सांगतो म्हणून घेऊ नका."

मुकादमाने बॅटरी कानशिलाजवळ धरून पट्टी बघितली. दोन गुंडाळ्या घेतल्या. 1,200 रुपये दिले. 80 उरले, त्यात दोरा आणि सुया आल्या. परत जाताना तो फ्रॉकच्या दुकानावरून गेला, पण थांबला नाही.

टोळीत एक आजी होती. तिचं सगळं आयुष्य मातीकामात गेलेलं. दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर तिने पाझर तलावांची माती वाहिली होती. तिला मशीनवर शिवता येत असे. जवळच्या गावातल्या शिंप्याने त्याचं मशीन दोन दिवस वापरायला दिलं.

मुकादमाने 150 च्या जाकिटासारखं करायला सांगितलं, पोटाभोवती दोन पट्ट्या. आजीने एक जाकीट शिवून दाखवलं. रात्री केळीवाला टेम्पो आला तेव्हा मुकादमाने तो थांबवला आणि शे-दीडशे पावलं मागे घ्यायला लावला. स्वतः आत बसला. आजी जाकीट घालून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. पट्ट्या लख्ख दिसल्या. मुकादमाला बरं वाटलं. त्याने हात बाहेर काढून खूण केली.

आजीने खूण बघितली आणि आपल्या सवयीप्रमाणे फावडं उचलून ती वाकली.

पट्ट्या गेल्या. तिथे कुणी नव्हतंच जणू.

मुकादम धावत गेला. "आजी, काय झालं?"

"काय व्हायचंय? काम करलाले," आजी म्हणाली. "आमी काय फोटोसारखं उभं राहतोत व्हय दिवसभर? आमची पाठ वर आन डोकं खाली. वाकलं की पोटाची पट्टी पोटातच राहती."

मुकादमाला 450 च्या जाकिटावरच्या खांद्यांच्या पट्ट्या आठवल्या. दुकानात त्या त्याला निव्वळ शोभेच्या वाटल्या होत्या. आजीने पोटाची एक पट्टी उसवली. एकच ठेवली आणि ती पूर्ण गोल फिरवली, म्हणजे माणूस आडवा उभा असला तरी दिसेल. उरलेली पट्टी दोन्ही खांद्यांवरून पुढून मागे घेतली. आता ती वाकली तेव्हा खांद्यांवर दोन ठिपके दिसले. पण तोंड गाडीकडे असलं तरच. गाडीकडे पाठ करून वाकली की फारसं काही दिसत नव्हतं.

"मग तोंड गाडीकडं करून काम करायचं," आजी म्हणाली. "पैसे न्हाईत लागत त्याला."

एका जाकिटाला साडेतीन मीटर पट्टी लागली. दोन दिवसांत 22 जाकिटं झाली. शिलाई सगळीकडे सरळ नव्हती. आजीचे डोळे आता पहिल्यासारखे नव्हते, आणि मशीनही कुरकुरत होतं. मग आजीने आणखी एक गोष्ट केली, ती मुकादमाला सुचली नसती. थंडीचे दिवस होते. बाया लुगड्यावर पुरुषी शर्ट घालत, त्यावर जाकीट, आणि गारठा वाढला की वरून शाल गुंडाळत. शालीखाली जाकीट घातलं काय न् न घातलं काय. आजीने प्रत्येक जाकिटाची बाजू उसवून तिथे नाड्या लावल्या. शाल आत आणि जाकीट बाहेर, असं सगळ्यांना बजावलं. डांबर लागलं तर लगेच पुसायचं, ब्रशने घासायचं नाही आणि धुतल्यावर सावलीत वाळत घालायचं, हेही तिनेच सांगितलं. दोन-दोन वर्षं उन्हात वाळलेल्या जाकिटांचा रंग उतरून ती कशी पांढरट पडतात, हे तिने दुसऱ्या कामावर बघितलेलं होतं.

त्या रात्री काम पुन्हा सुरू झालं. मुकादम अहमदपूरच्या बाजूला बराच पुढे चालत गेला आणि केळीवाल्या टेम्पोची वाट बघत उभा राहिला. टेम्पो आला. तो आत बसला. वळण ओलांडलं आणि लांबवर, जिथे अजून माणसं दिसण्यासारखी नव्हती तिथे, बारीक उजेडाची ओळ उमटली. टेम्पोवाल्याने काही न बोलता गाडी हळू केली.

मुकादमाने बोट पुढे केलं. काही ठिपके दोन-दोन होते, काही ठिकाणी कमरेची आडवी पट्टी होती. एक ठिपका खाली-वर होत होता, फावडं मारणाऱ्या माणसाचा. तो हळूहळू मोजत गेला. गाडी टोळीपाशी पोहोचेपर्यंत 22 भरले.

सकाळी त्याने फोटो पाठवला. ठेकेदाराचा फोन आला. "अरे, जाकिटांना काय केलंस? पट्ट्या वाकड्या दिसतात."

"दिसतात ना, मालक?" मुकादम म्हणाला. "मग बास."

उरलेली 22-23 मीटर पट्टी आजीने टाकून दिली नाही. त्याच रस्त्याने उसाच्या बैलगाड्या जात. तिने हातभर तुकडे कापले आणि गाडीवानांना थांबवून दिले. ऊस मागे लोंबतो त्याच्याखाली पट्टी झाकली जाते, म्हणून ती चाकाच्या आसाच्या टोकाला बांधा, असं सांगितलं. एक गाडीवान ती बैलाच्या शिंगांना बांधायला निघाला. आजीने त्याला मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला शिंगं दिसतात का, असं विचारलं. तो हसला आणि मागे गेला.

येळवशीला काम बंद होतं. रस्त्यालगतच्या शेतकऱ्याने टोळीला जेवायला बोलावलं. त्या दिवशी वाटेने जाणाऱ्यालाही उपाशी जाऊ देत नाहीत. कडब्याच्या कोपीपाशी पूजा झाली. भज्जी, उंडे, आंबील असं पोटभर जेवण झालं. मुकादमाची बायको आणि लेक गावाहून आल्या होत्या. दोघींच्या अंगावर जुनेच कपडे होते. लेकीने टोळीतल्या एकाचं जाकीट अंगात घातलं. ते तिच्या घोट्यापर्यंत आलं, आणि ती दिवसभर ते घालून ज्वारीतून पळत राहिली.

मुकादमाने एकाच दुकानातून दोनदा खरेदी केली. पहिल्यांदा तो दारात, उन्हात उभा होता, आणि जाकीट त्याला त्याच्या आणि फोटोच्या डोळ्याने दिसत होतं. दुसऱ्यांदा तो टेम्पोत बसून बघून आला होता. दुसऱ्या वेळी खिसा पहिल्यापेक्षा हलका होता, तरी काम झालं, कारण काय दिसायला हवं, कुणाला, आणि कुठून, हे त्याला ठाऊक झालं होतं. वाकणाऱ्या माणसाला काय लागतं हे मात्र टेम्पोतूनही पुरतं कळलं नसतं. ते वाकणाऱ्यानेच सांगितलं.

पावसाळ्यात टोळीला नांदेडजवळ नाल्यांचं काम मिळालं. ठेकेदाराने पैसे दिले आणि सांगितलं, सगळ्यांना गमबूट घे. मुकादमाने पैसे खिशात घातले, पण बाजाराची वाट धरली नाही. आधी आजीकडे गेला आणि विचारलं, "दिवसभर पाण्यात कोण कोण उभं राहतं?"

आजीने चौघींची नावं सांगितली. दुकानातले बूट पुरुषांच्या मापाचे असतात, बायांच्या पायांत ते चिखलात रुतून निघतात, असं म्हणत तिने सुतळीचा तुकडा काढला आणि पहिल्या बाईला पाय पुढे करायला सांगितला.